दहा वर्षांचा हिशेब

लोकप्रिय चित्रपटातील चुका हेरणे हा अनेकांचा आवडता विरंगुळा असतो. नायिकेच्या हातातला रुमाल पुढच्या दृश्यात नाहीसा होतो, मेणबत्ती रात्रभर जळूनही तेवढीच उंच राहते, आणि असे काही सापडले की शोधणाऱ्याला कोण आनंद होतो. मुले तर या कामात मोठ्यांपेक्षाही तरबेज असतात, कारण एकच चित्रपट ती दहा-दहा वेळा पाहतात. या छंदाला कोणी समीक्षा म्हणत नाही, आणि बहुतेक वेळा ती तशी नसतेही. तथापि काही चुका कलाकृतीच्या शिवणीवर नेमके बोट ठेवतात. शिवण कोठे उसवली आहे हे कळले, की वस्त्र कसे बेतले होते तेही कळून येते. वॉल्ट डिस्ने चित्रसंस्थेच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) या अ‍ॅनिमेशनपटातील अशाच एका चुकीचा येथे विचार करावयाचा आहे. ती चूक आहे साध्या वजाबाकीची. परंतु तिच्या तळाशी असलेला प्रश्न न्यायाचा आहे.

चित्रपटाची थोरवी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. गॅरी ट्रूसडेल व कर्क वाइज यांचे दिग्दर्शन, लिंडा वूल्व्हर्टन यांची पटकथा, हॉवर्ड अ‍ॅशमन यांची गीते आणि अ‍ॅलन मेंकन यांचे संगीत असा योग या चित्रपटात जुळून आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळवणारा हा पहिला अ‍ॅनिमेशनपट होय. १९९२ सालच्या समारंभात त्याच्या पार्श्वसंगीताला आणि शीर्षकगीताला पारितोषिके मिळाली. त्यापूर्वीच, १४ मार्च १९९१ रोजी, अ‍ॅशमन वयाच्या चाळिसाव्या वर्षी एड्सने निवर्तले होते. पूर्ण झालेला चित्रपट त्यांना पाहता आला नाही. चित्रपटाच्या अखेरीस त्यांना अर्पणपत्रिका वाहिलेली आहे.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. एका गर्विष्ठ राजपुत्राच्या दारी थंडीच्या रात्री एक म्हातारी भिकारीण येते आणि आसऱ्याच्या बदल्यात गुलाबाचे एक फूल देऊ करते. तो तिला हाकलून देतो. ती असते मायाविनी. ती त्याला हिंस्र पशूचे रूप देते, त्याच्या चाकरांना घरातल्या वस्तू करून टाकते आणि गुलाबाची शेवटची पाकळी गळण्यापूर्वी त्याने कोणावर तरी प्रेम करावे व ते प्रेम त्याला परत मिळावे, असा उःशाप ठेवते. पुढे बेल नावाची खेड्यातली वाचनवेडी मुलगी आपल्या वृद्ध पित्याच्या सुटकेसाठी त्या गढीत स्वतः बंदिवान होते.

प्रथम किरकोळ गोष्टी हातावेगळ्या करू. चित्रपट ८४ मिनिटांचा आहे. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने त्यात सुमारे १ लाख २० हजार चौकटी भरतात, आणि पात्रे हातांनीच रेखाटलेली आहेत. इतक्या कामात हात कोठे तरी चुकणारच. शिवाय हे काम घाईचे होते. आरंभी रिचर्ड पर्डम यांच्याकडे सोपविलेला, गाणी नसलेला आराखडा १९८९ साली रद्द झाला आणि सारे नव्याने मांडावे लागले. हाती उरली जेमतेम दोन वर्षे. अखेरीस बेल आणि राजपुत्र दिवाणखान्यात नृत्य करतात, ते नृत्य याच संस्थेच्या 'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९) मधील नृत्यावर बेतून काढले आहे. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहिले तर गिरकीला गिरकी जुळते. ही चूक नव्हे, अडचणीतून काढलेली वाट आहे. घरात लग्न असताना थोरल्या बहिणीचे लुगडे धाकटीला नेसवावे, तसला हा प्रकार. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

याच जातीची गंमत टवका उडालेल्या कपाची, म्हणजे चिपची. किटलीचे रूप मिळालेल्या मिसेस पॉट्स त्याला भावंडांबरोबर कपाटात जाऊन झोपायला सांगतात, आणि कपाटात कपांची रांग दिसतेही. शाप उतरल्यावर मात्र माणूस होऊन धावत येतो तो एकटा चिप. बाकीची लेकरे गेली कोठे? या पात्राच्या वाट्याला आरंभी एकच वाक्य होते. ब्रॅडली पीअर्स या बालकलाकाराचा आवाज निर्मात्यांना इतका भावला, की त्याची भूमिका वाढवीत नेण्यात आली. एका लेकराचे कोडकौतुक करताना बाकीच्यांचा विसर पडला. भरल्या घरात असे घडतेच.

आता मुख्य चुकीकडे वळू. प्रास्ताविक निवेदनात स्पष्ट सांगितले आहे, की गुलाब राजपुत्राच्या एकविसाव्या वर्षापर्यंत फुललेला राहील. पुढे भोजनगृहातील प्रसिद्ध गाण्यात शमादान झालेला लुमिएर सांगतो, की चाकरांना असे निकामी पडून दहा वर्षे झाली. एकवीसमधून दहा वजा केले की शाप मिळाला तेव्हा राजपुत्र जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होता, असे निघते. परंतु गढीच्या पश्चिमेकडील दालनात बेलला त्याचे फाटलेले तैलचित्र दिसते, त्यात आहे भरात आलेला तरुण! शापानंतर त्याचे चित्र कोणी काढले? आणि ते शापापूर्वीचे असेल, तर दहा वर्षांचा मुलगा असा कसा दिसेल?

चित्रपटाच्या चाहत्यांनी यावर तोडगेही शोधले आहेत. कोणी म्हणतात, चित्रालाही जादू लागली आणि ते वयाबरोबर वाढत गेले. कोणी म्हणतात, लुमिएर बढाईखोर आहे. आपण 'युगे लोटली' म्हणतो तसे तो दहा वर्षे म्हणतो. हे दुसरे उत्तर त्याच्या स्वभावाला शोभते खरे. पण शाप एक-दोन वर्षांपूर्वीचा मानला, तर चाकरांच्या निराशेला वजन राहत नाही. ती निराशा लांबलेल्या काळाची आहे. माणूसपणाची सवय सुटत चालल्याची आहे. म्हणजे दहा वर्षे काढून टाकली तर गाण्यातले दुःख लटके पडते आणि ठेवली तर शापित ठरते एक शाळकरी पोर.

येथे मूळ कथेची आठवण ठेवणे उपयुक्त ठरेल. ही कथा प्रथम १७४० साली मादाम द व्हिलनव्ह या फ्रेंच लेखिकेने सविस्तर लिहिली. १७५६ साली मादाम द बोमाँ यांनी ती मुलांसाठी आटोपशीर केली, आणि आज जगभर माहीत आहे ती बहुतांशी त्यांचीच कथा. व्हिलनव्हच्या कथेत राजपुत्राचा अपराध एवढाच, की त्याला वाढविणाऱ्या वृद्ध परीशी लग्न करण्यास तो नकार देतो. बोमाँच्या कथेत तर अपराधच नाही. एका दुष्ट परीने त्याला शाप दिला एवढेच तो सांगतो. म्हणजे जुन्या कथांमध्ये पशू हा अन्यायाचा बळी आहे. त्याला अपराधी केले ते या चित्रपटाने. दारी आलेल्या याचकाला हाकलणे हे पाप, त्याबद्दल शिक्षा आणि अंतःकरणपालटाने सुटका अशी सरळ नैतिक चौकट चित्रपटाने कथेला दिली. आमच्या मते ही त्याची मोठी कमाई आहे. परंतु कथेत पाप आणि शिक्षा आली, की वयाचा हिशेब आपोआप महत्त्वाचा होतो. निव्वळ दुर्दैव लहानथोर पाहत नाही. न्यायाला मात्र ते पाहावे लागते.

आपल्या वाचकांना हा मुद्दा परका वाटू नये. १९८३ सालच्या कॅनन लॉच्या संहितेनुसार सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला समज आली असे गृहीत धरले जाते (कलम ९७). पण त्याच संहितेप्रमाणे ज्याची सोळा वर्षे पूर्ण झालेली नाहीत, त्याने नियम मोडला तरी तो दंडास पात्र होत नाही (कलम १३२३). मुलाला बरेवाईट कळते, पण त्याच्या कृत्याचे पुरे ओझे त्याच्या खांद्यावर टाकू नये, हा त्यामागचा विवेक. आता मायाविनीचे वर्तन पाहा. रात्रीची वेळ, दारात अनोळखी व्यक्ती, दार उघडणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा, आणि त्या मुलाच्या आईबापांचा साऱ्या चित्रपटात पत्ता नाही. त्याने अनोळखी बाईला घरात घेतले नाही, तर आपण त्याला उद्धट म्हणू. पशू करून टाकणार नाही.

ही चूक झाली कशी, याचा काहीसा उलगडा निर्मितीच्या इतिहासात सापडतो. राजपुत्राला शाप मिळतो तो प्रसंग चालत्याबोलत्या चित्रांतून दाखवावा आणि त्यात तो लहान मुलगा असावा, असा अ‍ॅशमन यांचा आग्रह होता. दिग्दर्शकांनी पुढे मुलाखतींतून सांगितले, की ही कल्पना त्यांना पटली नाही; पशू झालेले पोर पडद्यावर हास्यास्पद दिसेल अशी त्यांना धास्ती वाटली. त्याऐवजी प्रास्ताविक रंगीत काचेच्या चित्रांतून सांगण्याचे ठरले. म्हणजे गीतकाराच्या मनातला राजपुत्र बालक होता आणि चित्रकारांच्या मनातला तरुण. गाण्यातली दहा वर्षे एकाची, भिंतीवरचे तैलचित्र दुसऱ्यांचे. दोन दर्जी एकाच अंगरख्यावर बसले आणि बाही दोन मापांची झाली.

काचेच्या चित्रांची निवड मात्र विलक्षण सुंदर आहे, आणि चर्चच्या खिडक्यांतून उतरलेला प्रकाश लहानपणापासून पाहणाऱ्यांना तिची खूण लगेच पटते. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रलच्या तेराव्या शतकातील खिडक्या घ्या. तेथे एकाच खिडकीत चांगल्या शोमरोनीचा दाखला आणि आदाम-एवेची कथा शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. एकच माणूस चार ठिकाणी दिसतो, काल आणि आज एका चौकटीत नांदतात, आणि आदामाचे वय काय असा प्रश्न कोणी करीत नाही. खिडकीत काळ मोजायचा नसतो; तेथे अर्थ पाहायचा असतो. चित्रपटाचे प्रास्ताविक आपल्याला अशाच दृष्टीने पाहायला सांगते. पण पुढे तोच चित्रपट तोंडाने आकडे उच्चारतो. खिडकीतला काळ आणि दिनदर्शिकेतला काळ एकमेकांना भिडतात तेथेच शिवण उसवली आहे.

हीच उसवण दुसऱ्याही एका जागी दिसते. बेल गढीत राहिली किती दिवस? पशूशी तिचे सूर जुळतात ते पाहता काही आठवडे तरी गेले असावेत असे वाटते. पण तिचा पिता मॉरिस एकटाच तिच्या शोधात बर्फात निघालेला असतो, आणि ती मुक्त होऊन परतते तेव्हा तो अजून बर्फातच असतो. आठवडे गेले असतील, तर म्हातारा जगला कसा? आणि दोन-चारच दिवस गेले असतील, तर एवढ्यात मन पालटले कसे? ही अडचण निर्मात्यांना ठाऊक होती. चाकरांना पुन्हा माणूस होण्याची आस लागली आहे, असे एक लांबलचक गाणे अ‍ॅशमन व मेंकन यांनी रचले होते. त्यात ऋतू सरकत असल्याने मॉरिस आणि गॅस्टन एवढा काळ काय करीत होते हा प्रश्न उभा राहिला. गाणे वगळून त्या जागी छोटे गाणे आले. वगळलेले गाणे पुढे १९९४ च्या ब्रॉडवे नाट्यप्रयोगात आणि २००२ च्या विशेष आवृत्तीत परतले. म्हणजे ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. काळाचे पांघरूण दोन्हीकडे पुरेना, म्हणून एक टोक उघडे ठेवावे लागले.

सर्वांत जास्त चर्चिली गेलेली त्रुटी तिसरीच आहे. लांडग्यांशी झुंजून पशू बर्फात कोसळतो. बेल घोड्यावर बसून पळून जाऊ शकते. ती थांबते, मागे वळते आणि आपला झगा त्याच्या अंगावर घालते. पुढच्याच दृश्यात तो अगडबंब देह घोड्याच्या पाठीवर पालथा पडलेला आहे आणि बेल लगाम धरून चालत आहे. एका मुलीने त्याला उचलले कसे, या प्रश्नावर हसू येते; पण येथे आम्ही चित्रपटाच्या बाजूने उभे राहू. शार्त्रच्या खिडकीतल्या त्याच शोमरोनी माणसाने जखमी प्रवाशाला आपल्या जनावरावर बसविले, एवढेच लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. कसे उचलले, कोणी हात लावला, हे तेथेही नाही. जे अवघड होते ते उचलण्यापूर्वीच झालेले असते. बेल लगाम सोडून मागे वळते त्या क्षणी. ते दाखवून झाल्यावर चित्रपटाने डोळा मिटला तर तो मौनाचा भाग होय, त्रुटीचा नव्हे.

२०१७ साली याच संस्थेने जिवंत नटांना घेऊन हा चित्रपट पुन्हा काढला. दिग्दर्शक होते बिल काँडन. चुकांची यादी समोर ठेवूनच तो लिहिला असावा, असे पाहताना वाटत राहते. एकविसाव्या वर्षाची अट निवेदनातून गेली आणि गाण्यातली दहा वर्षेही गेली. राजपुत्र आता नृत्यसमारंभात मग्न असलेला पुरता प्रौढ माणूस आहे. शेजारच्या खेड्याला एवढी गढी माहीत कशी नाही, या शंकेला उत्तर म्हणून मायाविनीने लोकांची स्मृतीच पुसली आहे. जखमी पशूला बेल सांगते, की मला साहाय्य कर, तुला उभे राहावे लागेल. घोड्याचाही प्रश्न मिटला. चित्रपट १२९ मिनिटांचा झाला, म्हणजे पाऊण तास वाढला. एवढ्या ठिगळांनी वस्त्र जड झाले आहे. प्रत्येक शंकेचे समाधान करण्याच्या भरात, थांबून पाहावे असे क्षण त्यात थोडे उरले.

तरीही एक दुरुस्ती मोलाची आहे, आणि ती मान्य न करणे अन्यायाचे ठरेल. जुन्या चित्रपटात चाकरांना शिक्षा का झाली, हे कोणी विचारीत नाही. राजपुत्राने दार लावले. पण चहा करणाऱ्या बाईने आणि तिच्या लेकराने काय केले होते? वस्तूंना व्यक्तिमत्त्व देण्याची कल्पना अ‍ॅशमन यांची, आणि तिच्याविना हा चित्रपट निष्प्राण झाला असता. पण तिच्याबरोबर हा अन्यायही आत शिरला. नव्या चित्रपटात मिसेस पॉट्स बेलला सांगतात, की आई गेल्यावर क्रूर बापाने या मुलाला आपल्यासारखे घडविले आणि आम्ही काहीच केले नाही. या एका कबुलीने सारी गढी निराळी दिसू लागते. मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो तेव्हा केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही उच्चार करतो. लहान मूल डोळ्यांदेखत बिघडत असताना मोठ्यांनी ताट-वाट्या मांडीत राहावे, आणि पुढे त्यांनीच ताट-वाट्या व्हावे, यात एक कठोर औचित्य आहे. गंमत अशी, की ही कबुली शोभली असती ती जुन्याच चित्रपटात, जेथे राजपुत्र दहा वर्षांचा होता. नव्या चित्रपटाने वय दुरुस्त केले, आणि जे उत्तर दिले त्याचा खरा प्रश्न मात्र मागे जुन्या चित्रपटातच राहिला.

मग मुलांसोबत यापैकी कोणता चित्रपट पाहावा? आम्ही निःशंकपणे १९९१ चा सुचवू, आणि त्यातली चूक लपवू नये असेही सुचवू. वजाबाकी मुलांनाच करू द्यावी. एवढ्याशा मुलाला एवढी शिक्षा योग्य होती का, चाकरांना का भोगावे लागले, हे प्रश्न त्यांनी विचारले तर चित्रपटाची गोडी कमी होणार नाही. मायाविनी सुंदर व सामर्थ्यवान आहे म्हणून ती न्यायी असलीच पाहिजे असे नाही, हे मुलांना एखाद्या परीकथेतून कळले तर बिघडले कोठे?

आरंभीच्या त्या काचचित्रांत राजचिन्हाबरोबर तीन-चार लॅटिन शब्द आहेत. जो स्वतःला जिंकतो तो जिंकतो, असा त्यांचा अर्थ. शापाच्या आधीपासून हे बोधवाक्य त्या घराण्याचे होते आणि घरातला कोणीही ते पाळीत नव्हता. पशू ते पाळतो तेव्हा गुलाबाच्या शेवटच्या पाकळ्या गळत असतात, सुटका हाताशी आलेली असते, आणि तो बेलला आजारी पित्याकडे जाऊ देतो. येथे चित्रपटाचा हिशेब कोठेही चुकत नाही. पहिल्या दृश्यात मांडलेले देणे बरोबर त्याच नाण्यात फेडले जाते: ज्याने एकीला दाराबाहेर लोटले, तो दुसरीसाठी स्वतःच्या नुकसानीत दार उघडतो.

सलगतेचा आणखी एक धागा शेवटपर्यंत तुटलेला नाही. पशूचे शरीर रचताना ग्लेन कीन या चित्रकाराने रानगव्याचे डोके, सिंहाची आयाळ, अस्वलाचे धड, लांडग्याचे पाय असे अवयव निरनिराळ्या प्राण्यांकडून उसने घेतले. डोळे मात्र माणसाचेच ठेवले. पश्चिमेच्या दालनात बेल तैलचित्राचा लोंबणारा तुकडा उचलून जागेवर लावू पाहते, तेव्हा दिसतात ते हेच निळे डोळे. अखेरीस समोर उभा असलेला देखणा तरुण तिला परका वाटतो. ती हसत नाही, पुढे होत नाही. त्याचे केस हाताने बाजूला करून ती आधी त्याचे डोळे निरखून पाहते, आणि मगच त्याला ओळखते.